गिटारचा पट्टा जॅकवरून निसटतो, पक्का कसा करू? (नागपूर)

नमस्कार. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट उत्तर देता येणार नाही.

मी नागपूरला इंदोऱ्यात राहते. आमच्या वस्तीत १४ एप्रिलला गाण्यांचा कार्यक्रम असतो आणि यंदा मी पहिल्यांदाच उभी राहून गिटार वाजवणार आहे. आजवर घरी नाहीतर विहारात सतरंजीवर बसून वाजवत आले, त्यामुळे पट्ट्याचा विचार करायची वेळच आली नव्हती. गिटार माझ्या मामांची. पंधरा वर्षं त्यांनी वाजवली, मग बोटं दुखायला लागली तेव्हा माझ्या हातात दिली.

गेल्या रविवारी गच्चीवर सराव करताना दुसऱ्या गाण्याच्या मध्येच पट्ट्याचं खालचं टोक सटकलं. डाव्या हातात नेक (गिटारचा लांब दांडा) होती म्हणून गिटार जमिनीवर गेली नाही, पण खालचा कोपरा कठड्यावर आपटला. नखाएवढा पॉलिशचा टवका उडाला. साउंडहोलमधून (पुढच्या गोल भोकातून) मोबाईलचा टॉर्च टाकून पाहिलं, आतली आधाराची एकही लाकडी पट्टी सुटलेली दिसत नाही. पण तेव्हापासून वायर लावली की खरखर येते आणि जॅक (वायर खुपसायची जागा) बोटाने हलतो. मामांना अजून सांगितलेलं नाही. आधी दुरुस्त करून मग सांगावं असं मनात आहे.

आता गिटारबद्दल. अकूस्टिक आहे, नंतर पिकअप (तारांचा आवाज वायरने स्पीकरकडे पाठवणारं साधन) बसवलेली. खाली पट्टा अडकवायचं साधं बटण नाही, पिकअपचा जॅकच बटणाचं काम करतो (एंड पिन जॅक म्हणतात तो). तो साध्या बटणापेक्षा बराच जाड असतो. पट्ट्याचं भोक त्यावरून जाईना म्हणून मीच कात्रीने टोकाच्या बाजूला जरासं कापलं. तेव्हा छान बसला, आता नुसता पुढे ओढला तरी निघून येतो. वरच्या बाजूला हीलवर (नेक गिटारच्या अंगाला जोडते तो जाड भाग) बटण नाहीच. तिथलं टोक मी नाडीने हेडस्टॉकला (नेकचं टोक, जिथे तारा आवळतात) बांधते, नटच्या (तारा टेकतात ती छोटी पट्टी) मागे, तारांच्या खालून.

सीताबर्डीवर एका दुकानात दाखवली. ते म्हणाले, हीलमध्ये भोक पाडून बटण लावून देतो, दहा मिनिटांचं काम. खालच्या जॅकचं विचारलं तर "नवीन पट्टा घ्या" एवढंच. मी गिटार परत घेऊन आले. मामांच्या गिटारला ड्रिल लावायचं तर आधी मला पूर्ण खात्री हवी.

दुसरी अडचण माझ्या धाकट्या भावाच्या इलेक्ट्रिकची. तोही कार्यक्रमात आहे. त्याच्या वरच्या शिंगावरच्या बटणाचा स्क्रू घट्ट केला तरी नुसता फिरत राहतो. त्याला स्ट्रॅप लॉक (पट्टा बटणावरून निसटू न देणारी कडी) घ्यायचे आहेत. शॅलरचे आणि डनलॉपचे असे दोन प्रकार ऐकले. ते घेतले की हा फिरणारा स्क्रूही आपोआप ठीक होईल का? आणि तेच लॉक माझ्या जॅकवर बसतील का? बसत असतील तर एकदमच दोन जोड्या मागवू.

ज्यांनी स्वतः हे केलं आहे त्यांनी कृपया सांगा. कार्यक्रमाला पाच आठवडे आहेत.

प्रतिसाद १

ताई, दोन जोड्या मागवू नका. शॅलर काय किंवा डनलॉप काय, दोन्हींचं स्वतःचं बटण असतं. जुनं काढून ते स्क्रूने लाकडात बसवायचं आणि लॉकचा दुसरा भाग पट्ट्यावर. तुमच्या जॅकच्या जागी असं बटण बसवायला लाकूडच नाही, तिथे भोक आहे. म्हणजे हे लॉक फक्त भावासाठी.

त्याला दोन्हींपैकी कुठलेही चालतील. मी शॅलर वापरतो. त्याचा यू आकाराचा भाग पट्ट्यावर बसवताना एक गोष्ट बघा: यूचं बंद टोक पट्ट्याच्या टोकाकडे आणि तोंड खांद्याकडे. असं बसवलं की गिटारचा भार बंद बाजूवर येतो आणि आतली पिन कधी दगा देऊन गेली तरी गिटार लटकून राहते. उलटं बसवलेले लोक पाहिलेत मी. पट्ट्यावरचा नट अधूनमधून हाताने तपासायचा, जुन्या मॉडेलमध्ये तो हळूहळू सैल होतो. नव्या एस-लॉकमध्ये त्याला बारीक स्क्रूने आवळायची सोय आहे. डनलॉपमध्ये बटण दाबून काढ-घाल होते, ते ज्याला भराभर गिटार बदलायची त्याला सोयीचं. पट्टा जाड चामड्याचा असेल तर मागवण्याआधी जाडी मोजा.

प्रतिसाद २

वरच्यांनी लॉकचं बरोबर सांगितलं, पण फिरणाऱ्या स्क्रूचं राहिलं. लॉक घेऊन तो ठीक होणार नाही. सैल भोकात नवा स्क्रू घातला तर तोही फिरेल, आणि मग महागडं लॉक लाकडासकट हातात येईल. इलेक्ट्रिक गिटार साडेतीन किलोच्या आसपास भरते, काही चार किलोच्या वर जातात. एवढं वजन त्या एका स्क्रूवर लटकतं.

आधी भोक भरा. स्क्रू काढा, भोकातला भुसा फुंकून टाका. दात कोरायच्या काड्या लाकडाच्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात गच्च बसतील तेवढ्या घाला. बाहेर आलेला फेविकॉल ओल्या कापडाने लगेच पुसा. एक पूर्ण दिवस हात लावू नका. मग काड्या पृष्ठभागाशी कापा, स्क्रूच्या दांड्यापेक्षा बारीक बिटने मधोमध छिद्र घ्या, स्क्रूच्या आट्यांना साबण किंवा मेणबत्ती चोळा आणि हाताने फिरवा, मशीनने नाही. बटणाखाली फेल्टची वायसर ठेवली तर पॉलिश दबत नाही. एम-सील भरू नका, पुढे कधी स्क्रू काढायची वेळ आली तर त्रास होतो.

आणि नागपूरकरांसाठी खास: आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, हवा कोरडीठाक, लाकूड आकसतं. त्यात दिवसभर कूलरची ओली हवा, रात्री कूलर बंद. स्क्रू अशानेच सैल पडतात. गिटारला साधारण ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. कूलरच्या झोतासमोर भिंतीला टांगू नका, केसमध्ये बंद ठेवा.

प्रतिसाद ३

भोक पाडू नका बाप्पा, निदान घाईत तरी नाही.

हीलवर बटण लावणं वाईट नाही, माझ्या स्वतःच्या गिटारला आहे. पण आधी नेक कशी जोडली आहे ते पहा. साउंडहोलमधून छोटा आरसा आणि टॉर्च घालून नेकच्या ठोकळ्याकडे बघा. बोल्ट दिसले तर ड्रिल त्यांच्या वाटेत येता कामा नये. स्वस्त गिटारींची हील दोन-तीन तुकडे चिकटवून केलेली असते, सांध्यावर स्क्रू गेला तर चीर पडते. आणि जागा महत्त्वाची. हीलच्या पाठीवर बटण लावलं की गिटार पुढे कलते, तोंड जमिनीकडे जातं आणि वाजवताना सारखी हाताने आवरावी लागते. माझ्या अनुभवात बारीक तारांच्या बाजूला हीलच्या अंगावर लावलेलं बरं. दहा मिनिटांत हे सगळं बघून होत नाही.

नाडीच तुमच्यासाठी ठीक आहे. अकूस्टिक दोन किलोच्या आसपास, त्याला नाडी पुरते. फक्त नाडी गोल आणि मऊ घ्या, दोन फेरे देऊन बांधा. पहिल्या फ्रेटवर एफ कॉर्ड धरताना हात अडतो, तो सराव आत्तापासून उभं राहूनच करा.

प्रतिसाद ४

जॅकच्या बाजूबद्दल कुणीच नीट बोललं नाही आणि खरा धोका तिथेच आहे.

ताई, कात्री टोकाच्या बाजूला लावली तिथे घोटाळा झाला. पट्ट्याच्या भोकाला जी चीर असते ती खांद्याच्या बाजूला हवी. भार टोकाकडच्या गोल कडेवर येतो, ती कड अखंड राहिली पाहिजे. तुमच्या पट्ट्याची तीच कड कापली गेली. तो पट्टा आता वापरू नका, दोन टाके घालूनही नाही.

पट्टा आवडता असेल तर चांगल्या चांभाराकडून खालचं टोक नवीन लावून घ्या. गिटार सोबत न्या. कडक चामडं, आणि जॅकच्या खाचेत बसेल एवढं गोल भोक पंचने, कात्रीने नाही. चीर लहान आणि खांद्याकडे. चढवताना जोर लागला पाहिजे. बिअरच्या बाटलीच्या लाल रबरी चकत्या लोक सांगतील. साध्या बटणावर त्या उत्तम, मीही लावल्यात, पण त्यांचं भोक जॅकसाठी लहान पडतं. एंड पिन जॅकसाठी डॅडारिओचं सिंचफिट नावाचं वेगळं लॉक मिळतं. तुमच्या जॅकवर बसतं का ते पाहूनच घ्या.

वायर जॅकमध्ये घालण्याआधी पट्टा आणि गिटार यांच्यामधून ओढून घ्या. कुणाचा पाय वायरवर पडला तर झटका पट्ट्याला बसतो, जॅकला नाही.

खरखर आधी घालवा. जॅकची बाहेरची टोपी आट्यांवर फिरून निघते, आत नट आणि वायसर दिसेल. नट नुसता पान्ह्याने आवळलात तर आख्खा जॅक आत फिरतो, वायरींना पीळ बसतो आणि डाख तुटतो. जॅकच्या दांड्याला आरपार बारीक भोक असतं, त्यात छोटी अॅलन की घालून धरा आणि मग नट आवळा. तरीही खरखर राहिली तर डाख सुटला असेल, ते डाख मारणाऱ्याकडे.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आणि आज मिळून बरंच झालं.

जॅक तुम्ही सांगितला तसाच निघाला, आरपार भोक आणि आत सैल नट. अॅलन की भावाच्या गिटारसोबत आलेली होती, तीच बसली. नट आवळल्यावर खरखर पूर्ण गेली. इतकं हलकं वाटलं की तिथेच बसून तासभर वाजवलं.

इंदोरा चौकाजवळच्या एका चांभारकाकांकडे गिटार घेऊन गेले. त्यांनी जॅकची खाच दोऱ्याने मोजली, आधी टाकाऊ तुकड्यावर भोक पाडून पाहिलं, तो सैल वाटला म्हणून पंच एक नंबर लहान घेतला. आता पट्टा चढवायला दोन्ही अंगठे लावावे लागतात. गादीवर गिटार धरून चारी बाजूंनी ओढून पाहिलं, हलत नाही. हीलला हात लावणार नाही, नाडी बदलली.

भावाच्या भोकात काड्या भरून ठेवल्या आहेत, उद्या संध्याकाळी छिद्र घेऊ. एवढंच विचारायचं राहिलं: शॅलरसोबत येणारा स्क्रू जुन्या स्क्रूपेक्षा जाड निघाला तर छिद्र त्याच्याच मापाने घ्यायचं ना? म्हणजे लॉक हातात येईपर्यंत थांबायला हवं?

प्रतिसाद २

हो, थांबा. बिट नव्या स्क्रूच्या आट्या सोडून मधल्या दांड्याशी लावून निवडा, दांड्यापेक्षा किंचित बारीक. आणि मामांना आता सांगून टाका.

धागाकर्ती

सांगितलं. रविवारी ते सरावाला येणार आहेत.