रस्त्याकडेला टाकलेलं उचललं, मग ते कुणाचं? तुमचे अनुभव सांगा

गेल्या रविवारी साताऱ्यातल्या 'चार भिंती' स्मारकावरून फिरून उतरत होतो. पेठेतल्या एका बोळाच्या तोंडाशी कचऱ्याच्या ढिगाला टेकून आरामखुर्ची उभी दिसली. सागवानी सांगाडा, कापड चिरलेलं, डाव्या हाताची पट्टी निखळलेली. घंटागाडी यायची वेळ झाली होती. दहा मिनिटं इकडंतिकडं बघितलं, कुणी आलं नाही. शेवटी खुर्ची डोक्यावर पालथी घातली आणि घर गाठलं.

बायकोनं दारातच विचारलं, "कुणाची उचलून आणलीत?"

म्हटलं, "टाकलेली होती."

"टाकलेली होती का ठेवलेली?"

तेव्हापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही. आपल्या भाषेत वस्तू टाकतात, ठेवतात, विसरतात, सांडतात, हरवतात. उचलणाऱ्याला मात्र सगळी सारखीच दिसते. साताऱ्या-सांगलीकडच्यांनी आपापले अनुभव लिहा. उचलणारे लिहा आणि ज्यांचं उचललं गेलं तेही लिहा. कायद्यातलं कुणाला कळत असेल तर त्यांनीही चार ओळी टाकाव्यात. पण 'हल्ली लोकांना लाज राहिली नाही' हे नको, ते सगळ्यांना माहीत आहे.

गावभागातली लेक

माझी गोष्ट उलट्या बाजूची. ऑगस्ट २०१९. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. ओसरल्यावर गावभागातल्या घरी आलो, तर आधी दारच उघडेना, आतून गाळानं धरलेलं. पुढचे आठ दिवस सगळ्या गल्लीचा संसार रस्त्यावर होता. भिजून मणामणाच्या झालेल्या गाद्या, फुगून फुटलेली प्लायवूडची कपाटं, फ्रीज, पोरांची दप्तरं. दोन्ही बाजूंना कंबरेएवढे ढीग आणि वास असा की अजून पावसात कधीतरी नाकात येतो.

आईचं शिलाई मशीन होतं, लोखंडी पायडलचं. तिनं ते धुतलं, रॉकेलनं पुसलं आणि उन्हात ठेवलं. जागा कुठं होती? आमच्या पायरीपासून चार हातांवर, ढिगाच्या कडेलाच. ती घरात चहा टाकायला गेली. बाहेर आली तर मशीन नाही.

दुसऱ्या दिवशी भावानं भंगारवाल्याकडं ते शोधून काढलं. किलोवर विकलं गेलं होतं. विकणारा पोरगाही तिथंच होता, नदीकडच्याच वस्तीतला, त्याचंही घर गेलेलं. तो म्हणाला, "मावशी, सगळं गावच रस्त्यावर टाकलेलं. तुमचं तेवढं ठेवलेलं, हे मी कसं ओळखायचं?" आईला उत्तर सुचलं नाही. भंगारवाल्याला त्याचे पैसे देऊन मशीन परत आणलं. पोलिसांत गेलो नाही. त्या आठवड्यात पोलिसांना तरी कुठं सवड होती!

त्यानंतर आईनं काय केलं, सांगते. खडू घेतला आणि उन्हात घातलेल्या प्रत्येक वस्तूवर ठळक लिहिलं, 'आहे'. पाटावर 'आहे', लोखंडी खाटेवर 'आहे', पितळी घंगाळावर 'आहे'. संध्याकाळपर्यंत आख्ख्या गल्लीत तेच सुरू झालं.

काळा कोट

सल्ला म्हणून नको, शेजारचा म्हणून वाचा. 'आहे' वाचून मी जरा वेळ गप्पच बसलो, कारण सगळा कायदा त्या एका शब्दात आहे.

चोरी म्हणायला वस्तू दुसऱ्या कुणाच्या तरी ताब्यातून, त्याच्या संमतीवाचून आणि अप्रामाणिक हेतूनं हलवलेली असावी लागते. पूर्वी हे दंड संहितेच्या ३७८ कलमात होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३०३ मध्ये आहे. मालकानं 'मला नको' म्हणून खरोखर सोडून दिलेली वस्तू कुणाच्याच ताब्यात नसते. ती उचलली तर चोरी नाही. ताई, तुमचं मशीन मात्र पूर्णपणे तुमच्या आईच्या ताब्यातच होतं, रस्त्यावर असलं म्हणून काय झालं? पण त्या पोराला ते मनापासून टाकलेलं वाटलं असेल तर त्याचा हेतू अप्रामाणिक होता असं सिद्ध करणं कठीण. दोघंही आपापल्या जागी बरोबर, असं कोर्टात फार वेळा होत नाही.

हरवलेल्या वस्तूचं आणखी वेगळं. त्याला ३१४ कलम, जुनं ४०३. त्यातली उदाहरणं १८६० पासून तीच आहेत आणि मला फार आवडतात. हमरस्त्यावर रुपया सापडला, कुणाचा ते ठाऊक नाही, उचलला तर गुन्हा नाही. मौल्यवान अंगठी सापडली आणि मालकाचा शोध न घेता लगेच विकली तर गुन्हा. मालक कोण हे माहीत असेल किंवा सहज कळण्यासारखं असेल, तर आधी त्याला गाठायचा वाजवी प्रयत्न करावाच लागतो. नव्या संहितेत याला किमान सहा महिने, जास्तीत जास्त दोन वर्षं कैद आणि वर दंड.

खुर्चीवाले, समोरच्या घरी विचारलंत का?

खुर्चीवाला

नाही विचारलं. सकाळी साडेसहाला कुणाची कडी वाजवू?

ट्रॉलीमागचा पोरगा

आमी कराड-तासगाव रोडवरचं. हंगामात साळा सुटली की ट्रॉलीमागं पळायचं, हाच आमचा खेळ. एक ट्रॉली, मागं दुसरी, डायवर म्होरं टेपवर गाणी लावून. खड्ड्यात वेग कमी झाला की लोंबणारा ऊस वढायचा. रस्त्यावर पडल्यालं कांडं कुणी घेत न्हवतं, त्याला काय मजा? वढल्यालाच ग्वाड लागायचा.

आता माझाच ऊस कारखान्याला जातुय. काट्यावर वजन लागतं, त्यावर पैसं. परवा माझ्याच ट्रॉलीमागं चार पोरं पळताना आरशात दिसली. थांबवून दम द्यावा म्हटलं, तर त्यातलं एक माझंच. वकीलसायब, ह्याला कुठलं कलम?

काळा कोट

पडलेलं कांडं उचलण्यावर कुणी खटला भरणार नाही. ओढलेला ऊस म्हणजे सरळ ३०३. सात वर्षांखालच्या पोराचं कृत्य मात्र कायदा गुन्हा मानतच नाही. तुमचं केवढं?

ट्रॉलीमागचा पोरगा

नऊ. उंचीनं बारीक हाय, सात म्हणून खपंल.

खंबाटकीचा प्रवासी

हा अनुभव सांगायला लाज वाटते, तरी सांगतो. कॉलेजात असताना पुण्याहून एसटीनं साताऱ्याला येत होतो. खंबाटकी घाट उतरल्यावर एक ट्रक आडवा झालेला आणि बिस्किटांचे खोके रस्ताभर. गाड्या थांबल्या, लोक उतरले, पाच मिनिटांत जत्रा भरली. चांगल्या कपड्यातले लोक डिकी उघडून खोके भरत होते. आमच्या एसटीतल्या एका आजींनी पदरात पुडे घेतले. मीही एक खोका उचलला. सगळ्यांच्या तोंडी एकच, "आता कंपनी थोडंच परत नेणार, फुकटच जाणार."

ड्रायव्हर कठड्यावर बसला होता, कपाळातून रक्त येत होतं. तो कुणालाच काही म्हणाला नाही. फक्त मोजत होता. खरंच, ओठ हलवत मोजत होता, कोण किती नेतंय ते. तो खोका मी हॉस्टेलवर वाटला. चार पुडे माझ्या वाट्याला उरले, ते महिनाभर तसेच पडून होते.

पुढं मी वाहतुकीच्याच धंद्यात आलो तेव्हा कळलं की उलटलेल्या गाडीतला माल टाकलेला नसतोच. मालक, वाहतूकदार, विमावाले, सगळ्यांचा त्याच्यावर दावा असतो. रस्ते वाहतुकीच्या २००७ च्या कायद्यानं नुकसानीची जबाबदारी वाहतूकदारावर येते आणि वाहतूकदार ती कुणाच्या पगारातून काढायला बघतो, ते सांगायला नको.

मिरज जंक्शन

रस्ता नाही, पण रस्त्याला लागूनच. आमच्या घरामागनं रेल्वेलाइन जाते. काम झाल्यावर गँगवाले गंजके खिळे, पट्ट्या तिथंच सोडून गेले होते, पावसाळाभर पडून. वडिलांनी त्यातली एक पट्टी उचलून परड्याच्या फाटकाला अडणी म्हणून लावली. दोन वर्षांनी रेल्वे सुरक्षा दलाचा माणूस दुसऱ्याच कामाला आला आणि त्याची नजर फाटकावर गेली. तेव्हा कळलं की १९६६ चा एक स्वतंत्र कायदा आहे, रेल्वेच्या मालाच्या बेकायदेशीर ताब्याचा. तुमच्याकडं संशयास्पद रेल्वेमाल सापडला की तो रीतसर मिळवला हे तुम्हीच दाखवायचं. पहिल्याच वेळी पाच वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. माणूस भला होता. पट्टी काढून घेतली, वडिलांना शहाणपणाच्या चार गोष्टी सांगितल्या आणि गेला. फाटक तेव्हापासून दगडानं अडवतो. दगडही लाइनीवरचा नाही, हे वडील आल्यागेल्याला सांगतात.

औंधकर

सगळ्यात कायदेशीर माल कुणी उचलतच नाही राव! तिकाटण्यावरचा उतारा. नारळ, लिंबू, अंडं, कधीकधी कोरं खणाचं कापड. मालकानं इतक्या स्पष्टपणे सोडून दिलेली दुसरी वस्तू दाखवा. ठेवून मागं वळूनसुद्धा बघत नाहीत. माझा चुलता अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी सायकलवरून फिरून नारळ गोळा करायचा आणि घरात कुणाला न सांगता चटणी व्हायची. कळलं तेव्हा काकूनं खलबत्ता बदलला. चुलता नव्वदीपर्यंत ठणठणीत होता.

पोत्यामागची

मी सांगलीत कचरावेचक बायकांबरोबर काम करते. त्यांच्यातल्या एकीनं सांगितलं ते तिच्याच शब्दांत: "फाटकाबाहेर ठिवलेली पिशवी उचलली की कुत्रं सोडत्यात. त्याच पिशवीतलं खराटं आमच्या घरात हाय म्हणून आमाला पाटावर बसवत न्हाईत. आमी चोर का कामवाली, एकदा ठरवा की." २०१६ च्या घनकचरा नियमांत कचरावेचकांची व्याख्या आली आणि पालिकेनं त्यांना सामावून घ्यावं असंही आलं. त्यातल्या ओळखपत्राचा खरा उपयोग एवढाच की सोसायटीचा वॉचमन आरडाओरडा करत नाही. महापालिकेच्या कुंडीत पडलेल्या मालावर कागदोपत्री महापालिकेचा हक्क असतो, पण कुंडीतून वेचणाऱ्या बाईला मी अजून कुणी त्यासाठी अडवलेलं पाहिलं नाही. अडवतात ते फाटकापाशी.

तिला एकदा उशीच्या अभ्र्यात शिवलेली सोन्याची बोरमाळ सापडली. घर माहीत होतं, रोजची फेरी. नेऊन दिली. त्यांनी तिला जुनी साडी दिली आणि "आणखी काही नव्हतं ना त्यात?" असं विचारलं.

वाईची आत्या

वाडा पाडला, ठेकेदारानं ढीग रस्त्याला लावला. त्यात मोडीतल्या कागदांचं बाड होतं, कोपरे उंदरांनी खाल्लेले. मी आधी मालकांना विचारलं. ते म्हणाले, "न्या, आम्हाला काय वाचता येतंय?" वाचणाऱ्याला दाखवलं तर वतनाच्या वाटणीचे कागद निघाले. ही बातमी गावात फिरली मात्र, मालकांचे दोन चुलतभाऊ दारात हजर. "आमचे कागद." एवढी वर्षं उंदीर खात होते तेव्हा कुणाचे होते? मी छायाचित्रं काढून ठेवली आणि बाड देऊन टाकलं.

वकिलांनी तेव्हा दोन गोष्टी सांगितल्या, त्या लिहिते. ऐतिहासिक मोलाची ७५ वर्षांहून जुनी हस्तलिखितं १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येतात, सापडली म्हणून विकायला काढायची नाहीत. आणि वाड्याच्या पायात काही पुरलेलं निघालं, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कायदा १८७८ चा, आकडा तेव्हाचाच.

माहुलीकर

संगम माहुलीला आम्ही जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून नदीत सोडायचो. लोकांनी टाकलेली नाणी लागायची. जुनी तांबं-निकेलची लागत नाहीत, नंतरची स्टीलची लागतात. कधी कुणी चोर म्हटलं नाही. गुरवानं एकदा विचारलं, "देवाला दिलेलं घेताय होय रे?" माझा दोस्त म्हणाला, "देवानं तरी कुठं उचललं?"

खुर्चीवाला

काल संध्याकाळी अखेर त्या घरी गेलो. तोवर सुतारानं पट्टी बसवली होती, नवं कापड लावलं होतं, बाराशे रुपये झाले होते. दार सूनबाईंनी उघडलं. "हो, आम्हीच टाकली, जागा अडत होती." सुटलो म्हणून वळणार, तेवढ्यात आतून आवाज आला, "कोण आहे गं? खुर्चीचं बोलतायत का?" आजोबा प्लॅस्टिकच्या खुर्चीत अवघडून बसलेले. त्यांना सांगितलं होतं की दुरुस्तीला दिली आहे.

काळा कोट, आता सांगा. टाकणारा मालकच नसेल तर?

काळा कोट

मग ती टाकलेलीच नव्हती. मालकानं सोडली असेल तरच सोडली. आता तुम्ही सापडलेली वस्तू सांभाळणारे. १८७२ च्या करार कायद्यात तुमचं कलम ७१. आणि १६८ वाचा. बाराशेसाठी दावा लावता येणार नाही, पण पैसे मिळेपर्यंत खुर्ची अडवून ठेवता येते.

खुर्चीवाला

अडवून ठेवणार कशी? सकाळीच डोक्यावर घालून नेऊन दिली. आजोबा बसले, हात फिरवला आणि म्हणाले, "दुरुस्ती बरी केलीय, कापड मात्र आधीचंच बरं होतं." सूनबाई माझ्याकडं बघेनात. बाराशेचं बायकोला अजून सांगितलेलं नाही.