मांजरांच्या गटाची जबाबदारी घेतेय, तुमच्याशी बोलायचं आहे

प्रति: कॅनडातल्या आपल्या मंडळाची मेल यादी
मुक्काम: आर्वी तालुका, जिल्हा वर्धा

मंडळी, नमस्कार.

पोळा झाला की आमच्या भागातल्या, मांजरं सांभाळणाऱ्या गटाचं काम मी अंगावर घेणार आहे. आजवर हा गट एका निवृत्त शिक्षिका काकूंनी चालवला. गुडघे साथ देत नाहीत म्हणून त्यांनी मला बोलावून सांगितलं, "आता तू धर माय, पोट्टे तुह्यं ऐकतात." मी हो म्हटलं आहे. पण सुरुवात करण्याआधी तुमच्यातल्या जाणत्यांशी बोलायचं आहे. तुमच्यापैकी काही जण तिकडे हेच काम वर्षानुवर्षं करत आहेत आणि आपले डॉक्टर दादा तर नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातूनच शिकून गेलेले.

आधी इथली परिस्थिती सांगते. कापूस, तूर, सोयाबीनचा हा मुलूख. घरामागे कोठा, म्हणजे गुरांचा गोठा, कोठ्याला लागून कुटाराची, म्हणजे भुश्याची खोली. मांजर व्यायला कुटारासारखी ऊबदार, अंधारी जागा दुसरी नाही. शेतकऱ्याला मांजर नकोशी नाही, उलट हवीच असते, कारण घरात धान्य आलं की उंदीर आलेच. पण एक मांजर म्हणता म्हणता घरात सात होतात. मादी चार-सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते, गाभण राहिली की साधारण 63 ते 65 दिवसांत विते, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहते. मग कोणीतरी पिल्लं पोत्यात भरतं आणि बाजाराच्या दिवशी काकूंच्या फाटकाशी ठेवून जातं. काकूंनी आजपर्यंत एकालाही परत पाठवलं नाही. त्यांच्या ओसरीत, न्हाणीत, जुन्या देवघराच्या खोलीतसुद्धा मांजरं आहेत. गावात आजार आला की तो आधी त्या घरात शिरतो, संध्याकाळी खेळणारं पिल्लू सकाळी मरून पडलेलं असतं, फिनाईलने पुसूनही थांबत नाही, आणि मग आठवडाभर सांदवाडीत, घरामागच्या मोकळ्या जागेत, खड्डे खणावे लागतात. ते खड्डे खणणारी मुलं अकरावी-बारावीतली आहेत. त्यांच्यातली दोघं आता गटाकडे फिरकत नाहीत, आणि मी त्यांना दोष देऊ शकत नाही.

माझं मत असं झालं आहे की गटाने पिल्लं गोळा करण्यापेक्षा ऑपरेशनवर जोर द्यावा. मांजर पकडायची, नसबंदी करायची, डाव्या कानाचं टोक किंचित कापून खूण करायची आणि त्याच कोठ्यात नेऊन सोडायची. शेतकऱ्याची मांजर शेतकऱ्याकडे राहते, उंदीरही आवाक्यात राहतात. काकूंना हे पटतं, पण दारात ठेवलेल्या पोत्याला नाही कसं म्हणायचं हे त्यांना जमत नाही. तेच आता मला करायचं आहे.

शिवाय एक गोष्ट तिकडच्या गटांना बहुतेक नसेल. तूर-गव्हाच्या कापणीत वावरात रानमांजराची पिल्लं सापडतात. मजूर ती उचलून आणतात आणि आमच्या गटाला फोन येतो. लांब पाय, कानांच्या टोकाला काळे केस, आखूड शेपटीवर काळी कडी, असं पिल्लू दिसलं तर ते पाळायचं नसतं. रानमांजर वन्यजीव कायद्याखाली येतं. पिल्लू सापडलं तिथेच ठेवून माणसांनी लांब व्हायचं, आई बहुतेक रात्री येऊन घेऊन जाते. वनखात्याच्या 1926 या नंबरवर कळवायचं. बोरचा जंगलपट्टा जवळ असल्याने हे आमच्या मुलांना शिकवावंच लागेल.

मला तीन बाबतीत तुमचं म्हणणं हवं आहे. आजाराचं काय करायचं, मंडळातल्या काहींनी देऊ केलेल्या पैशांचं काय करायचं, आणि माणसांना कसं टिकवायचं.

तुमची,
मंडळाची जुनी सांस्कृतिक सचिव

उत्तर: डॉक्टर

ताई, मनापासून आनंद झाला. आता थेट कामाचं बोलतो.

काकूंच्या घरात जे होतं, पिल्लू संध्याकाळी खेळतं आणि सकाळी मरून पडलेलं असतं, ते वाचून मला पहिला संशय येतो पॅनल्युकोपेनियाचा. कुत्र्यांच्या पार्व्होच्या जातकुळीतला विषाणू. तो जमिनीत, पोत्यात, टोपल्यात महिनोन्महिने टिकतो. फिनाईलने त्याचा भरवसा धरता येत नाही, आणि फिनाईलमधली फिनॉलवर्गी रसायनं मांजरांना स्वतःच विषारी असतात. ते फिनाईल आजच बंद करा. जागा आधी धुऊन घ्या, मग घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी बत्तीस भाग असं मिश्रण दहा मिनिटं ओलं राहू द्या, मग स्वच्छ पाण्याने पुसा. मातीची जमीन अशी शुद्ध होत नाही, म्हणून नवीन पिल्लू त्या घरात न्यायचंच नाही. नवीन आलेल्याला निदान दोन आठवडे दुसऱ्या कोणाच्या तरी घरी वेगळं ठेवा, आणि ज्याच्या घरी ते आहे त्याने काकूंकडे जाणं बंद ठेवायचं. मोठ्या मांजरांना या आजारावरची ट्रायकॅट लस द्या.

दूध. गाईचं दूध पाजलं की पिल्लाला हगवण लागते. मांजरीच्या पिल्लांसाठीची पावडर नागपुरात मिळते, ती आणून ठेवा. आणि थंड पडलेल्या पिल्लाला काहीही पाजू नका. आधी ऊब द्या, अंग गरम झालं की मगच दूध, तेही पोटावर ठेवून, बाळासारखं उताणं धरून नाही. जन्मतः साधारण 100 ग्रॅमचं पिल्लू रोज दहा-एक ग्रॅमने वाढायला हवं. किराणा दुकानातला छोटा डिजिटल काटा घ्या. पिल्लू मलूल दिसण्याच्या आदल्या दिवशीच काटा सांगतो.

ताप आहे म्हणून पॅरासिटामॉलचा तुकडा देण्याची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. मांजराला तो तुकडा मारतो. हे मेडिकलवाल्यालाही सांगा, लोक त्याच्याकडेच जातात.

उंदरांच्या औषधाबद्दल. झिंक फॉस्फाईड खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर वेळ फार कमी असतो. ब्रोमॅडिओलोनमध्ये रक्तस्राव उशिरा सुरू होतो आणि व्हिटॅमिन के-1 ने जीव वाचू शकतो. म्हणून कोणी विषबाधेचा फोन केला की पहिला प्रश्न: पुडीवर काय नाव आहे? पुडी फेकू नका, दवाखान्यात घेऊन जा.

सगळ्यात महत्त्वाचं माणसांचं. मांजर चावली किंवा नखाने रक्त काढलं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं. तिखट नाही, हळद नाही, चुना नाही. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात रेबीजच्या लसीसाठी जायचं. जी मुलं पिंजरा हाताळतात त्यांनी आधीच लस घेतलेली असावी. अठरा वर्षांखालच्यांनी न माणसाळलेल्या मांजराच्या पिंजऱ्याला हात लावू नये, असा नियम पहिल्या दिवशीच करा. हा नियम करणं हे अध्यक्षाचं काम, डॉक्टरचं नाही.

ऑपरेशनसाठी दिवाळी ते शिमगा एवढाच काळ धरा. दिवस मोठे व्हायला लागले की माद्या माजावर येतात, त्याआधी जेवढ्या होतील तेवढ्या. एप्रिल-मे मध्ये 45 अंशांत झाकलेल्या पिंजऱ्यातून प्रवास म्हणजे जिवाशी खेळ.

उत्तर: खजिनदार

ताई, पैशांचं मी स्पष्ट लिहितो, कारण इथे उत्साहाच्या भरात लोक लगेच वर्गणी काढतील.

आपल्यातले बरेच जण आता कॅनडाचे नागरिक आहेत, हातात ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं कार्ड आहे. त्यांनी भारतातल्या गटाला दिलेला पैसा हा 2010 च्या एफसीआरए कायद्याप्रमाणे परकीय देणगी ठरतो. आपल्या मंडळाने दिला तर तोही. त्यासाठी तिकडच्या संस्थेकडे नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर तो पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. तुमचा गट अजून धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलाही नाही. वस्तूंनाही हा कायदा लागू होतो, म्हणून पिंजरे सामानातून नेऊन गटाला देऊ असाही विचार नको. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे, त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेले पैसे परकीय देणगी धरले जात नाहीत. पण तेही कोणाच्या वैयक्तिक खात्यात नको. आधी संस्था नोंदवा, किमान सात सभासद लागतात, खात्यावर दोघांच्या सह्या ठेवा. एफसीआरएची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी मिळेपर्यंत मंडळ एक डॉलरही पाठवणार नाही. हे ऐकून तुम्हाला वाईट वाटेल, पण तालुक्याच्या ठिकाणी परदेशी पैशाचा नुसता वास आला तरी काकूंनी इतक्या वर्षांत कमावलेल्या विश्वासाला धक्का लागेल.

उत्तर: मिसिसागाच्या मावशी

अगं, मी इथे एका गटात पिल्लं घरी सांभाळते. आमचा गट एकदा फुटला आणि तो पैशांवरून फुटला नाही. सगळे फोन एका बाईकडेच यायचे, ती सगळ्यांना हो म्हणायची, आणि तिचं हो निभावायला बाकीचे रात्री जागायचे. नवीन बाई आली तिने पहिल्या बैठकीत विचारलं, तुमच्या घरी किती मावतात? प्रत्येकीने स्वतःचा आकडा सांगितला, तो कागदावर लिहिला, बेरीज झाली तीच गटाची मर्यादा. आकडा भरला की फोनवर सांगायचं, जागा नाही, पण आईसकट तिथेच ठेवा, आम्ही येऊन आईचं ऑपरेशन करून देतो. मधला रस्ता दिला की नाही म्हणणं जड जात नाही.

काकूंचं घर एकदम रिकामं करू नकोस. त्यांचाही आकडा विचार आणि तो मान.

उत्तर: आर्वीहून

डॉक्टर दादा, खजिनदार साहेब, मावशी, तुम्हा तिघांचे आभार. तुमचे मेल मी गटाच्या बैठकीत वाचून दाखवले. सगळे समाजमंदिरात सतरंजीवर बसले होते. भिंतीवर गाडगेबाबांचा दशसूत्री संदेश रंगवलेला आहे, त्यात मुक्या प्राण्यांना अभय हेही आहेच, आणि बाबा आमच्या शेजारच्याच अमरावती जिल्ह्यातले. त्या भिंतीखाली बसून पिल्लू नाकारण्याचा नियम करणं बायांना जड गेलं. एक जण म्हणाली, "पाप लागते ना बापा." मी सांगितलं की कोंडलेल्या घरात आजाराने मरू देणं हे अभय नव्हे. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग काकूंनीच स्वतःचा आकडा सांगितला: आठ. आज त्यांच्याकडे त्याच्या तिप्पट आहेत. जी आहेत ती राहतील, नवीन येणार नाही.

पैशांबाबत खजिनदारांचं सगळं मान्य. नोंदणीची कागदपत्रं इथला एक वकील मुलगा बघतो आहे. तोवर खर्च इथूनच. मेडिकलवाल्याने काटा दिला, एका जिनिंगवाल्याने पिंजऱ्यांसाठी लोखंडी जाळी.

दिवाळी ते शिमगा म्हणजे नेमका वेचणीचा हंगाम. आमच्या गटातल्या निम्म्या बाया किलोच्या हिशेबाने कापूस वेचतात, त्यांची मजुरी मी बुडवू शकत नाही. म्हणून ऑपरेशनचं शिबिर बाजाराच्या दिवशी ठेवू, त्या दिवशी कोणी वावरात जात नाही. पिंजरा आदल्या संध्याकाळी लावायचा. सराव म्हणून काल एक लावून बघितला. कुटाराच्या खोलीत, भिंतीला लागून, तळाशी पोत्याचा तुकडा, मागच्या टोकाला चिमूटभर सुके झिंगे. गटातल्या मोठ्या मुलाने दार पडल्याबरोबर अंगावरचा दुपट्टा काढून पिंजऱ्यावर टाकला आणि आतली धडपड थांबली. ते त्याला कोणी शिकवलं नव्हतं, बैलाच्या डोळ्यांवर कापड टाकताना त्याने पाहिलं होतं.

तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर गाई-म्हशी, कृत्रिम रेतन आणि लसीकरणात गुंतलेले असतात, त्यांच्यावर मांजरांचा भार टाकणार नाही. ऑपरेशनसाठी नागपूरहून डॉक्टर येतील, इथल्या डॉक्टरांनी नंतरचे टाके आणि तपासणी बघायचं कबूल केलं आहे.

तुमच्याकडून एकच मागणं आहे. इथे रात्री बारा वाजता तुमच्याकडे दुपार असते. मुलांना त्या वेळी कोणाला विचारावं कळत नाही आणि भीतीपोटी काहीतरी चुकीचं पाजतात. डॉक्टर दादांनी तिकडून औषध लिहून देणार नाही असं मला आधीच कळवलं, ते योग्यच आहे. पण ऊब द्या, पाजू नका, सकाळपर्यंत थांबा किंवा आत्ताच गाडी काढा, एवढं सांगणारं कोणी फोनवर असलं तरी पुष्कळ. मावशींनी मंगळवार आणि शुक्रवार घेतले आहेत. बाकीच्या रात्रींसाठी ज्यांनी पिल्लं सांभाळली आहेत त्यांनी मला वेगळा मेल करावा. फोन नंबर यादीवर टाकू नका.