जिबुती, हंबनटोटा, अगालेगा: परदेशातला तळ नेमका कशावर टिकतो?

चिखलीकर
दाबोळीहून मिग उडालं की आमच्या स्वयंपाकघरातली ताटं वाजतात. त्यामुळे नौदल हा विषय आमच्याकडे रोजच्या जेवणाबरोबर येतो.

1 ऑगस्ट 2017 रोजी चीनने पूर्व आफ्रिकेतल्या जिबुतीत आपला पहिला परदेशी लष्करी तळ सुरू केला. लाल समुद्रात शिरणाऱ्या बाब-अल-मंदेब सामुद्रधुनीच्या तोंडाशी, अमेरिकेचा तळ असलेल्या त्याच छोट्या देशात. तेव्हापासून आपल्याकडे एकच सूर लागलाय की भारतानेही असे तळ भराभर उभारावेत. मला ते पटत नाही, आणि न पटण्याचं कारण इथेच, गोव्यात आहे.

आपण स्वतः दुसऱ्याचा तळ होतो. पोर्तुगीजांनी 1505 साली अंजदीव बेटावर किल्ला बांधायला घेतला, 1510 ला गोवा घेतलं, 1511 ला मलाक्का, 1515 ला होर्मुझ. माणसं मूठभर, पण समुद्राच्या प्रत्येक नाक्यावर गोदी, दारूगोळा आणि गोडं पाणी तयार. आज चीन याच वाटेने चाललाय. आणि गोव्यातला तो तळ डिसेंबर 1961 मध्ये दोन दिवसांत उठला. भोवतालची माणसं आपली नसतील तर तळ म्हणजे दुसऱ्याच्या अंगणात घातलेला मांडव.

आपलाही अनुभव वेगळा नाही. ताजिकिस्तानातल्या अयनीची धावपट्टी आपण पैसे ओतून नीट केली, आज तिथे आपण नाही. सेशेल्सच्या अझम्प्शन बेटाचा करार 2015 ला झाला, 2018 ला सुधारला, आणि तिथल्या विरोधकांनी संसदेत अडवला. मालदीवमधून मे 2024 पर्यंत आपले सैनिक परत आले.

वास्कोचा जुना नाविक
चिखलीकर बाब, तुमचा मांडव साडेचारशे वर्षं उभा होता, हे विसरू नका.

मी एडनच्या आखातात दोनदा गस्तीवर होतो. पंधरा दिवसांनी ताजी भाजी संपते, मग डाळ आणि बटाटा. आंघोळीचं पाणी मोजून मिळतं. एखादा पंप बिघडला आणि सुटा भाग मुंबईत असला, की अख्खी मोहीम त्या पंपाभोवती फिरते. घरापासून इतक्या लांब एक जहाज कायम उभं ठेवायचं तर तीन लागतात: एक तिथे, एक वाटेत, एक गोदीत दुरुस्तीला. जवळ धक्का असेल तर हेच काम दोघांत भागतं. तळ म्हणजे नकाशावर रोवलेला झेंडा नव्हे, रसद आहे.

मार्च 2024 मध्ये आयएनएस कोलकाताने चाच्यांनी पळवलेलं एमव्ही रुएन हे मालवाहू जहाज सोडवलं, आठवतंय ना? भारताच्या किनाऱ्यापासून सुमारे 2600 किलोमीटरवर, 40 तासांची कारवाई, 35 चाचे शरण, 17 खलाशी सुखरूप. त्या टापूत ओमानच्या सलालात किंवा जिबुतीत इंधन मिळतं कारण आज सगळे आपले मित्र आहेत. लढाई पेटली की कोण दार उघडं ठेवेल?

म्हापशाचा मास्तर
नाविकांशी सहमत. श्रीलंकेतलं हंबनटोटा बंदर 2017 साली 99 वर्षांसाठी चिनी कंपनीकडे गेलं. व्यापारी बंदर म्हणून. ऑगस्ट 2022 मध्ये तिथेच युआन वांग 5 हे उपग्रहांचा आणि क्षेपणास्त्रांचा मागोवा घेणारं चिनी जहाज येऊन थांबलं. आज क्रेन, उद्या जहाज, परवा तळ. कंबोडियातल्या रिअम नौदल तळावर काय झालं ते पाहा. आधी ‘तसं काही नाही’, मग एप्रिल 2025 मध्ये चीन आणि कंबोडियाच्या संयुक्त केंद्राचं उद्घाटन.

काणकोणची वाचक
तुम्ही सगळे जहाजांबद्दल बोलताय. मी बेटांबद्दल बोलते.

अंजदीव आमच्या काणकोण तालुक्यात मोडतं. माझ्या सासूबाई सांगतात, तिथल्या ब्रोतास सायबिणीच्या, म्हणजे मेरी मातेच्या, फेस्ताला माणसं होड्या भरून जायची, हिंदूही जायचे. पुढे बेट नौदलाच्या बंद हद्दीत गेलं आणि ती वाट मोडली. हे तर आपल्याच देशाचं बेट. मग मॉरिशसच्या अगालेगा बेटांवरच्या माणसांना काय वाटत असेल? जेमतेम 300 वस्ती, नारळाची बाग, आणि तिथे भारताच्या पैशातून 3 किलोमीटरची धावपट्टी आणि धक्का. 29 फेब्रुवारी 2024 ला उद्घाटन झालं. त्यांच्यासमोर दिएगो गार्सियाचं, चागोस बेटांवरच्या अमेरिकी तळाचं, उदाहरण आहे. 1968 ते 1973 दरम्यान चागोसच्या लोकांना, त्यांचे कुत्रे मारून, जहाजात कोंबून हलवलं. त्यातली बहुतेक माणसं मॉरिशसमध्येच उतरवली होती. अगालेगाच्या बाईने आमच्यावर विश्वास का ठेवावा, याचं उत्तर कोणाकडे आहे?

चिखलीकर
ताई, माझं म्हणणं तुम्ही माझ्यापेक्षा नीट मांडलंत.

नाविक बाब, रसदीचं गणित मान्य. पण ते मैत्रीवरही सुटतं. आपल्या वास्कोच्या गोवा शिपयार्डने श्रीलंकेला गस्तीजहाज बांधून दिलं, सयुराला, 2017 साली.

म्हापशाचा मास्तर
आणि त्याच श्रीलंकेने पाच वर्षांनी युआन वांगला आत घेतलं!

चिखलीकर
घेतलं. पण जानेवारी 2024 पासून वर्षभर परदेशी संशोधन जहाजांना बंदीही घातली. ती बंदी आपल्या शब्दामुळे आली, कुठल्या तळामुळे नाही.

वास्कोचा जुना नाविक
वर्षभरासाठी. शब्दाला मुदत असते, म्हणूनच मी धक्का मागतो. पण ताईंच्या प्रश्नाने मी रात्रभर अस्वस्थ होतो, हेही लिहितो. अगालेगाला मी तळ म्हणणार नाही. धावपट्टी मॉरिशसची, झेंडा मॉरिशसचा, आणि तिथल्या आजारी माणसाला पोर्ट लुईला नेणारं विमान त्याच पट्टीवरून उडालं पाहिजे, आमच्या पी-8आय या टेहळणी विमानाच्या आधी. तसं लेखी असेल तर मला चालेल. मला डिझेल, पाणी आणि दुरुस्तीचं कोठार हवंय, कोणाची बाग नकोय.

काणकोणची वाचक
लेखी, आणि त्यांच्या क्रिओल भाषेत. म्हणजे बागेतल्या माणसालाही वाचता येईल.