दोघींचं हिमोग्लोबिन कमी, दोघींच्या पेशी लहान. गोळ्या एकच का?

प्रश्न (आरोग्य सेविका, गुहागर तालुका)
एकाच वाडीतल्या दोघींचे सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीचे) रिपोर्ट आलेत.
पहिली ३२ वर्षांची, दरवर्षी लावणीला जाणारी: हिमोग्लोबिन ८.६, आरबीसी (लाल पेशींची संख्या) ४.० दशलक्ष, एमसीव्ही (लाल पेशीचं सरासरी आकारमान) ६८, आरडीडब्ल्यू (पेशींच्या आकारांतला फरक) १९.
दुसरी २३ वर्षांची, नुकतंच लग्न झालेली: हिमोग्लोबिन १०.४, आरबीसी ५.६ दशलक्ष, एमसीव्ही ६१, आरडीडब्ल्यू १४.६. हिने तीन महिने लोहाच्या गोळ्या नेमाने घेतल्या, आकडा हलला नाही. पुढे काय सांगू? रत्नागिरीच्या फेऱ्या परवडत नाहीत.

उत्तर १ (पॅथॉलॉजिस्ट)
ताई, हिमोग्लोबिनआधी आरबीसी वाचा. लोहच नसेल तर अस्थिमज्जेतून पेशी लहान येतात आणि कमीही येतात. थॅलेसेमिया मायनरमध्ये (आईवडिलांकडून आलेला हिमोग्लोबिनचा सौम्य दोष) लोह असतं, ग्लोबिनची, म्हणजे हिमोग्लोबिनमधल्या प्रथिनाची, साखळी अपुरी पडते. म्हणून पेशी लहान, पण भरपूर. एमसीव्हीला आरबीसीने भागा. पहिलीचं उत्तर १७, दुसरीचं साधारण १०.९. १३ च्या वर लोहाची कमतरता, खाली थॅलेसेमिया मायनर. हा फक्त इशारा आहे, निदान नव्हे.

दुसरीला एकाच फेरीत फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) दोन्ही करा, एकाच सुईत होतं. एचपीएलसीत ए२ हा हिमोग्लोबिनचा प्रकार ३.५ टक्क्यांच्या वर गेला तर बीटा थॅलेसेमिया मायनर. मात्र लोह कमी असेल तर ए२ खोटं खाली येतं, म्हणून फेरिटिन सोबत हवंच. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर एचपीएलसीवर भरवसा नको. थॅलेसेमियाच्या अल्फा प्रकारात एचपीएलसी नॉर्मलच येतं, हेही ध्यानात असू द्या.

ए२ वाढलेलं निघालं तर नवऱ्याचीही तपासणी दिवस जाण्याआधी करायलाच हवी. दोघेही बीटा मायनर असतील तर प्रत्येक खेपेला बाळाला थॅलेसेमिया मेजर (वारंवार रक्त चढवावं लागणारा गंभीर प्रकार) होण्याची शक्यता २५ टक्के. आणि फेरिटिन चांगलं असेल तर तिच्या लोहाच्या गोळ्या थांबवा, उगाच देत राहू नका.

उत्तर २ (वैद्यकीय अधिकारी)
पहिलीला लोहाची कमतरता, पण लोह गेलं कुठे ते शोधा. अनवाणी चिखलात लावणी करणाऱ्यांत अंकुशकृमी (आतड्यात रक्त शोषणारे जंत) आठवा. अळी तळपायाच्या कातडीतून शिरते. सीबीसीत इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) वाढलेत का बघा. शौचाचा नमुना ताजाच पाठवा, उन्हात पडला की अंडी फुटून अळ्या निघतात आणि ओळख चुकते. जंतांवर अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम एकदा. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत नको. पाळीत गाठी पडतात का, दिवसाला किती पॅड लागतात, हे विचारल्याशिवाय सोडू नका.

६० मिलिग्रॅम लोहाची गोळी उपाशीपोटी, लिंबूपाण्याबरोबर. चहा आणि कॅल्शियमची गोळी दोन तास लांब. मळमळलं तर एक दिवसाआड चालेल. चार आठवड्यांत हिमोग्लोबिन किमान १ ग्रॅम चढायला हवं. नाही चढलं तर गोळी पोटात जात नाही, रक्त अजून जातंय, किंवा निदान चुकलंय. आकडा नॉर्मल झाल्यावरही तीन महिने चालू ठेवा, साठा तेव्हाच भरतो.

उत्तर ३ (लॅब तंत्रज्ञ)
दोन्ही नमुने वाडीतून एसटीने गेले असतील तर वेळ बघा. जांभळ्या झाकणाच्या नळीतलं रक्त दुसऱ्या दिवशीपर्यंत गरमीत राहिलं की पेशी फुगतात: एमसीव्ही खोटा वाढतो, एमसीएचसी (पेशीतल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण) पडतं. हिमोग्लोबिन आणि आरबीसी तेवढे टिकतात. रक्त घेतल्यावर नळी आठ-दहा वेळा हळुवार उलटीसुलटी करा, नाहीतर बारीक गाठी होऊन प्लेटलेट कमी दिसतात. स्लाइड (काचपट्टीवर पसरलेला रक्ताचा थेंब) तिथेच, दोन तासांत ओढून वाळवून पाठवा. पहिलीत फिकट, पेन्सिलीसारख्या लांबट पेशी दिसाव्यात. दुसरीत टार्गेट पेशी (मधोमध गडद ठिपका असलेल्या).

आणखी एक: मासळी खाणाऱ्या घरात बी१२ कमी नसतंच असं धरू नका. मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी बरीच वर्षं घेणाऱ्यांत ते पडतं. लोह आणि बी१२ दोन्ही कमी असतील तर एमसीव्ही नॉर्मल येऊन फसवतो. तेव्हा आरडीडब्ल्यू वाढलेला असतो आणि स्लाइडवर न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशीच्या केंद्रकाचे पाच-सहा तुकडे दिसतात. अशांना नुसतं फॉलिक ॲसिड देऊ नका. रक्त सुधारलेलं दिसतं, नसांची हानी मात्र चालूच राहते.

प्रश्नकर्ती
दुसरीचा नवरा शिमग्याला गावी येतोय. दोघांचे नमुने तेव्हाच एकत्र पाठवते, स्लाइड इथेच ओढून.