नवी डिस्क एलव्हीएममध्ये ढकलायची की वेगळी माउंट करायची?

रात्रपाळी_अ‍ॅडमिन:
ऑफिसच्या उबुंटू सर्व्हरला ५०० जीबीची एसएसडी आहे, ९६ टक्के भरली म्हणून काल ४ टीबीची हार्डडिस्क लावली. सीनियर म्हणतात एलव्हीएम (अनेक डिस्कची जागा एकत्र करून वाटून देणारी सोय) आहेच, आहे त्याच व्हॉल्यूम ग्रुपमध्ये, म्हणजे डिस्कच्या एकत्र साठ्यात घाल, पीव्हीक्रिएट, व्हीजीएक्स्टेंड, एलव्हीएक्स्टेंड या तीन कमांड, सर्व्हर बंदसुद्धा करावा लागत नाही, विषय संपला. मला नाही पटत. रूटचं, म्हणजे सिस्टिम जिथे आहे ते व्हॉल्यूम दोन डिस्कवर पसरलं की दोघींपैकी एक गेली तरी सगळंच गेल्यात जमा. त्यात एक एसएसडी आणि एक फिरती डिस्क, कुठली फाइल कुठे जाऊन बसेल आणि काय रखडेल देव जाणे. त्यापेक्षा वेगळी ईएक्सटी४ फाइलसिस्टिम करून डेटा फोल्डरवर माउंट करावी, म्हणजे जोडावी. तुमचं काय मत?

जुना_खिळा:
सीनियर बरोबर आहेत. मला एक सर्व्हर वारशात मिळालाय, त्यात डेटा१, डेटा२, डेटानवा आणि डेटानवाखरा अशी चार फोल्डरं आहेत, चार डिस्क, मध्ये सिमलिंकांचं (शॉर्टकटसारख्या दुव्यांचं) जाळं, आणि दर दोन महिन्यांनी एक भरते तेव्हा दुसरीत जागा रिकामी पडलेली असते. बॅकअप नसल्याचं दुखणं एलव्हीएमच्या गळ्यात कशाला मारता?

रात्रपाळी_अ‍ॅडमिन:
बॅकअप आहे हो. पण गिगाबिट लाइनवर सेकंदाला ११० एमबी धरले तरी ४ टीबी परत आणायला दहा तास. वेगळी डिस्क मेली तर निदान सर्व्हर चालू राहतो, लोक लॉगिन करू शकतात.

चहा_अर्धा:
अरे दोघं एकाच गोष्टीवर भांडताय. एलव्हीएम कर, पण नव्या डिस्कचा व्हॉल्यूम ग्रुप वेगळा. पुढे तिसरी आली की त्यातच वाढव, रूटला हात लावायचा नाही. आणि ईएक्सटी४ रूट युजरसाठी (मुख्य अ‍ॅडमिन खात्यासाठी) ५ टक्के राखून ठेवतं, म्हणजे तुझ्या ४ टीबीत २०० जीबी नुसतेच अडकले, डेटाच्या डिस्कला ते ट्यूनटूएफएस कमांडने १ टक्क्यावर आण. एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टिम करणार असशील तर ते वाढतं, पण नंतर लहान करायचं म्हटलं तर विसर.

फॉर्मॅट_मारू_का:
हे सगळं ठीक, पण एफएसटॅबमध्ये (कुठली डिस्क कुठे माउंट करायची त्या यादीत) एसडीबी१ असं नाव लिहू नकोस, यूयूआयडी (फाइलसिस्टिमचा स्वतःचा ओळख-क्रमांक) टाक. मी नाव लिहिलं होतं, रीबूटच्या वेळी कुणाचा तरी पेनड्राइव्ह मागे लावलेला राहिला, नावं सरकली, सर्व्हर ९० सेकंद डिस्कची वाट बघत बसला आणि मग इमर्जन्सी मोड. एसएसएच, म्हणजे दुरून लॉगिन, बंद. रात्री साडेअकराला बाइक काढून ऑफिसला गेलो, वॉचमनला उठवलं, आणि कीबोर्ड कपाटात कुलपात! तेव्हापासून एफएसटॅबमध्ये नोफेल (डिस्क नसली तरी सर्व्हर सुरू होऊ दे) लावल्याशिवाय झोपत नाही.

जुना_खिळा:
नोफेल लावून झोपाच तुम्ही. डिस्क माउंट झाली नाही तरी सर्व्हर हसत उठतो, आणि बॅकअपची स्क्रिप्ट त्याच रिकाम्या फोल्डरात लिहीत सुटते, म्हणजे रूटवर. नंतर डिस्क माउंट केली की त्या फाइली तिच्याखाली दडतात. डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) म्हणतं रूट भरलंय, डीयू (फोल्डरातल्या फाइली मोजणारी) म्हणतं जागाच जागा आहे. मी यात एक अख्खी दुपार घालवलीये.

फॉर्मॅट_मारू_का:
हे मात्र खरं. त्याला उपाय आहे, माउंट करायच्या आधी रिकाम्या फोल्डरला चॅटर प्लस आय (बदल बंद करणारी कमांड) मारून ठेवायचं, मग डिस्क नसेल तर त्यात रूट युजरलासुद्धा लिहिता येत नाही, स्क्रिप्ट तिथेच बोंबलते.

जुना_खिळा:
हे माहीत नव्हतं. घेतलं.

रात्रपाळी_अ‍ॅडमिन:
वेगळा व्हॉल्यूम ग्रुप, यूयूआयडी, नोफेल आणि चॅटर. सीनियर जेवायला गेलेत तोवर उरकतो.

जुना_खिळा:
कर. डेटानवाखरा झालं की हाक मार.