‘ॲक्लिव्हिटी’ला मराठीत काय म्हणायचं? ‘वर जाणारा उतार’ मला लिहवत नाही

टेकडीवरची, कोथरूड

आमच्या गिर्यारोहण मंडळाच्या स्मरणिकेसाठी एका जुन्या इंग्रजी प्रवासवर्णनातला उतारा मराठीत आणतेय. सह्याद्रीतल्या डोंगरवाटांचं वर्णन आहे. त्यात एके ठिकाणी वाट ‘ॲक्लिव्हिटीज’वरून जाते. हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा वाचला. अर्थ शोधला तर ‘अपवर्ड स्लोप’. शाळेच्या भूगोलापासून ‘स्लोप’ म्हणजे ‘उतार’ हे डोक्यात पक्कं बसलेलं, त्यामुळे पहिल्या खर्ड्यात लिहिलं, ‘वर जाणारे उतार’. रात्री परत वाचलं आणि झोपच लागेना. उतार वर कसा जाईल?

गेल्या रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढताना हेच डोक्यात घोळत होतं. डोक्यावर दह्याच्या मडक्यांची पाटी घेतलेल्या एक मावशी मला मागे टाकून पुढे गेल्या. मी दगडावर टेकलेली पाहून म्हणाल्या, “एवढी चढण सरली का मंग सोपं हाय.” मला वाटतं शब्द तिथंच मिळाला. पण ‘चढण’ फार साधा पडेल का? मूळ शब्द तर चांगला भारदस्त आहे.

जुना मास्तर

ताई, शब्द मुळापासून पाहू. लॅटिनमध्ये ‘क्लिवुस’ म्हणजे चढ-उताराची जागा. रोममध्ये फोरमपासून कॅपिटोलिन टेकडीवर जाणाऱ्या जुन्या रस्त्याचं नावच ‘क्लिवुस कॅपिटोलिनुस’. त्याला ‘कडे’ या अर्थाचा ‘अॅड’ लागला आणि त्यातला ‘डी’ पुढच्या ‘सी’त मिसळला. म्हणून स्पेलिंगमध्ये दोन ‘सी’. ‘डि’ लागला की ‘डिक्लिव्हिटी’, म्हणजे उतार. जमीन एकच. पायथ्याशी उभे असाल तर ॲक्लिव्हिटी, माथ्यावरून खाली पाहिलंत तर डिक्लिव्हिटी.

याच घरातला तिसरा शब्द इंग्रजीत आजही रुळलेला आहे, ‘प्रोक्लिव्हिटी’, म्हणजे मनाचा कल. आपला ‘कल’ बघा. भिंत एका बाजूला कलते आणि मुलाचा कल गाण्याकडे असतो. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता जमिनीचा शब्द मनाला लावला. मी वर्गात हे सांगायचो तेव्हा मागच्या बाकावरची मुलंसुद्धा मान वर करायची.

वापराचं म्हणाल तर हा शब्द १७व्या शतकाच्या सुरुवातीपासून इंग्रजीत आहे, पण लेखी. बोलताना इंग्रजही ‘हिल’ किंवा ‘क्लाइंब’ म्हणून मोकळा होतो. १९व्या शतकातल्या प्रवासवर्णनांत आणि भूगोलाच्या पुस्तकांत तो सहज भेटतो.

कर्जत-लोणावळा

रेल्वेत होतो, म्हणून एक भर घालतो. आमच्याकडे चढाला शब्दापेक्षा आकडा महत्त्वाचा. १८६३ साली सुरू झालेल्या बोरघाटाच्या लाइनीचा चढ ३७ला १, म्हणजे ३७ फूट पुढे गेलं की १ फूट वर. ऐकायला काहीच वाटत नाही, पण त्यासाठी कर्जतला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लावून ती वर ढकलावी लागते. त्याच रुळावरून लोणावळ्याहून खाली येताना ब्रेक तपासायला गाडी थांबवतात. रूळ तेच, पण वर जाताना काळजी ओढण्याची आणि खाली येताना आवरण्याची. रुळाच्या कडेच्या ग्रेडियंट पोस्टचा हात वर कललेला दिसला की पुढे चढ, खाली कललेला दिसला की उतार. तुमच्या ॲक्लिव्हिटीत आकडा नाही, फक्त दिशा आहे. म्हणजे ‘चढ’च.

शब्दवेडा

भारदस्तच हवा असेल तर ‘आरोहभूमी’?

टेकडीवरची, कोथरूड

‘आरोहभूमी’ नको, मनापासून सांगते. वाचणारा तिथं अडखळेल, आणि ही वाट चालताना अडखळायला दगड पुरेसे आहेत.

‘चढ’ की ‘चढण’ यावर मात्र बराच वेळ घालवला. माझ्या कानाला चढ म्हणजे रस्त्याचा, गाडीचा. दुसरा गिअर टाकला की संपला. चढण पायांना लागते, ती सरावी लागते. पर्वतीच्या पायऱ्यांना आमची आजी कायम चढणच म्हणायची. आणि उभीच असेल तर आम्ही ट्रेकवाले ‘छातीवरची चढण’ म्हणतो. इथे मूळ लेखक पायी चालतोय, त्याचं सामान माणसांच्या डोक्यावर आहे. म्हणजे चढणच.

मास्तर, पायथा आणि माथ्याचं तुम्ही सांगितलंत त्याने वाक्यच बदललं. लेखक त्या क्षणी खिंडीच्या खाली उभा राहून वर पाहतोय, हे मी आधी धरलंच नव्हतं. आता असं केलंय: ‘समोर एकामागून एक चढणी उभ्या होत्या आणि वाट त्यांच्या अंगावरून वर जात होती.’

आज संध्याकाळी पानं छपाईला जातील. ‘उभ्या होत्या’ कुणाला खटकत असेल तर पाचच्या आत सांगा.