धर्मगुरूंनी पाण्याच्या लढ्यात पडावे की पडू नये?

बावखलकर
काल इथे एका सदस्याने लिहिले की पाद्र्यांनी वेदी सांभाळावी, पाणी आणि जमीन राजकारण्यांवर सोडावी. 1980 च्या दशकाच्या अखेरीस बिल्डरांची नजर वसईच्या हिरव्या पट्ट्यावर पडली आणि टँकरवाले बागायतीच्या विहिरी उपसू लागले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो उभे राहिले आणि त्यांच्यामागे सर्व धर्मांचे लोक आले. उपशामुळे विहिरीत चढलेले खारे पाणी ख्रिस्ती कुपाऱ्याची केळ आणि हिंदू वाडवळाची केळ असा भेद करीत नाही. 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले तेव्हाही ‘पाद्री कशाला’ हाच सूर लागला होता; तो अजून विरलेला दिसत नाही.

वेदीपुरते
ते विधान माझेच आहे आणि मी त्यावर ठाम आहे. आमच्या घरामागचे बावखल (गोड्या पाण्याचे छोटे तळे) भराव टाकून बुजवणारे गृहस्थ आधी मोर्चात घोषणा देत होते आणि नंतरही प्रार्थनेला पहिल्या बाकावर बसत होते. त्यांना जाब विचारणारा धर्मगुरू मला दिसला नाही. संघटना देवळाच्या किंवा चर्चच्या आवारात जन्मली की आपल्याच माणसाला अडवणे जड जाते.

पूर्व लंडनहून
इथे 1996 साली चर्च, मशिदी, शाळा आणि कामगार संघटना यांनी मिळून ‘टेल्को’ ही संघटना स्थापन केली. तिने 2001 साली निर्वाह-वेतनाची मोहीम सुरू केली आणि सफाई कामगारांसाठी मोठमोठ्या बँकांना जाब विचारला. सभासद संस्था वर्गणी भरतात, त्यामुळे हिशेब मागण्याचा हक्क त्यांना आपोआप मिळतो. वसईत अशी वर्गणी कोणी घेतली होती काय?

डहाणूकर
लंडन राहू द्या. वसई-विरारच्या नळाला पाणी येते ते मुख्यतः सूर्या प्रकल्पाचे. त्या प्रकल्पातले धामणीचे धरण आमच्याकडच्या आदिवासी शेतकऱ्यांच्या सिंचनासाठी म्हणून बांधले गेले आणि पुढे ते पाणी शहरांकडे वळवले गेले. माझ्या मामाचे शेत कालव्याच्या शेवटाला आहे. उन्हाळी पिकाचा विचार त्यांनी केव्हाच सोडून दिला. तुमच्या सर्वधर्मसमभावात वारली बसतात काय?

बावखलकर
हे शुद्ध विषयांतर आहे. नळाचे पाणी आले म्हणून विहिरींवरचा भार काही प्रमाणात तरी हलका झाला. ते नाकारून आम्ही पुन्हा टँकरच्या दारात उभे राहावे, असे आपले म्हणणे आहे काय?

डहाणूकर
म्हणजे तुमची विहीर आमच्या कालव्याच्या जिवावर वाचली, हे आपणच लिहून दिले. आभारी आहे.

वेदीपुरते
माझा मुद्दा याहून निराळा नव्हता. ज्याच्या आवारात सभा भरते, त्याचीच तहान आधी मोजली जाते.

बावखलकर
आपण दोघांनी आधी ठरवून लिहिल्यासारखे दिसते, तेव्हा एवढे मान्य करून टाकतो की सूर्याच्या पाण्यावर वसईत जितके बोलले जायला हवे होते, तितके बोलले गेले नाही. मात्र सभेसाठी सभागृह, माईक आणि धमकी आल्यावर पुढे उभा राहणारा माणूस राजकारण्यांनी दिला नव्हता, हेही आपण मान्य करावे.

वेदीपुरते
सभागृहापुरते मान्य. अध्यक्षपद मात्र शेतकऱ्याकडे असावे, झग्याकडे नव्हे.

डहाणूकर
आणि पुढची सभा कालव्याच्या शेवटाला घ्यावी. येताना पिण्याचे पाणी सोबत आणावे.